पेटी जिन्याजवळ

जिल्हा बाल संरक्षण कक्षातर्फे मी दर आठवड्याला एका बालगृहात सूचनापेटी उघडायला जाते. किल्ली बालगृहाकडे नसते, आणि पेटी उघडताना बालसमितीची, म्हणजे बालगृहातल्या मुलांच्याच समितीची, मुलं समोर लागतात. बाल न्याय कायद्याच्या २०१६ च्या आदर्श नियमांत तसंच आहे. पेटी मात्र कायम रिकामी. वहीत ‘सूचना निरंक’ लिहायचं, मुलांच्या सह्या घ्यायच्या, अधीक्षकांचा चहा प्यायचा.

एकदा ११ ते १५ वयोगटाच्या समितीत नवा मुलगा दिसला. जंक्शनवर बाटल्या वेचणारा, रेल्वे सुरक्षा दलाला सापडलेला. सहीसाठी वही पुढे केली तर म्हणाला, “ताई, पेटी सरांच्या खिडकीसमोर, वर कॅमेरा. चिठ्ठी टाकणार कोण?”

“स्टेशनवरची पोरं, तोंडाने फटकळच,” अधीक्षक हसले. पण पेटी कार्यालयापासून लांब, मुलांच्या खोल्यांजवळ हवी, असं नियमच सांगतो. मुलांनी ती तिथल्या तिथे उचलून जिन्याजवळ टांगली. लिहिता येत नाही त्याने चित्र काढावं, ही सूचना ६ ते १० च्या गटाची.

पुढच्या आठवड्यात पेटी भरलेली. संडासाला आतून कडी नाही. माझी तारीख कधी? आईला फोन लावून द्या. एका चित्रात नुसता उघडा दरवाजा. आणि चिठ्ठीमागून चिठ्ठी: डोकी भादरू नका.

“उवा, खरूज पसरते,” अधीक्षक म्हणाले. खोटं नव्हतं ते. पण कुठे झोपायचं, काय खायचं हे इतकी वर्षं स्वतः ठरवलेल्या पोराला आल्या आल्या बसवून मशीन फिरवलं, तर तो पहिल्याच रात्री भिंत चढेल. मुलाचं म्हणणं ऐकून निर्णय घ्या, हे बाल न्याय कायद्याचं कलम ३ उगाच सांगत नाही. तोडगाही मुलांनीच काढला: आधी उवांचं औषध, गुण आला नाही तरच मशीन. अधीक्षकांनी कुरकुरत मान्य केलं. रविवारी एकट्याने बाजारात जायला मात्र नकार मिळाला. तो का, हे मुलांनी वहीत लिहून घेतलं. मला हे फार आवडलं.

एक चिठ्ठी रात्रपाळीच्या काळजीवाहकाबद्दल होती. ती मी सगळ्यांसमोर वाचली नाही. निघताना अधीक्षकांनी बाजूला घेऊन विचारलं, “अक्षर कुणाचं होतं?”

सांगितलं नाही. चिठ्ठी त्याच दुपारी बालकल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीपुढे, ठेवली. चौकशी संपेपर्यंत त्या माणसाला बालगृहात पाऊल टाकायला मनाई आहे.