साडेपाच सेंटिमीटरचा दंड

वागळे इस्टेटमध्ये भाड्याच्या लहानशा गाळ्यात आम्ही दोघांनी काम सुरू केलं, तेव्हा पाटीवर ‘हॉस्पिटल मॉनिटर दुरुस्ती’ एवढंच लिहिलं होतं. मी मेडिकल इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली, यांची दहा वर्षं सर्व्हिस इंजिनियर म्हणून गेलेली. ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी इथली छोटी नर्सिंग होम आमची गिऱ्हाइकं. हळूहळू कफ (बीपी मोजताना दंडाला गुंडाळतात तो हवेचा पट्टा), त्याची होज म्हणजे नळी आणि प्रोबही विकायला लागलो, कारण नुसत्या दुरुस्तीवर गाळ्याचं भाडं निघत नव्हतं.

कळव्याचा तो कॉल रात्री अकराला आला. “ताई, तुमचा मॉनिटर बाळाचं बीपी काहीतरीच दाखवतोय.” बाळ तिसाव्या आठवड्यात जन्मलेलं, ११०० ग्रॅमचं. पडद्यावर मीन प्रेशर, म्हणजे सरासरी दाब, २३. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत मीन निदान गर्भाच्या आठवड्यांइतका असावा, असा डॉक्टरांचा ढोबळ ठोकताळा असतो. म्हणजे इथे ३०. प्रेशर वाढवणारं औषध सुरू करायचं का, हा प्रश्न होता. पण बाळाचा रंग चांगला होता, लघवी होत होती, म्हणून डॉक्टर थांबले होते.

मी मॅनोमीटर, म्हणजे दाब मोजायचं उपकरण, जोडून मशीन तपासलं. लिकेज नाही, आकडे बरोबर, मोडही नवजात बाळाचाच. मग तिथल्या वयस्कर सिस्टरनी डोक्याचा घेर मोजायची कागदी टेप घेतली आणि बाळाच्या दंडाभोवती फिरवली. साडेपाच सेंटिमीटर. दंडावर कफ होता ३ नंबरचा, तो ६ ते ११ सेंटिमीटर घेरासाठी असतो. ३ ते ६ घेराचा १ नंबर त्यांच्या ड्रॉवरमध्ये नव्हताच. माझ्या सॅम्पलच्या पिशवीत दोन निघाले. कफ बदलला, बाळ पुन्हा शांत झोपेपर्यंत थांबलो, दोन-दोन मिनिटांनी तीनदा मोजलं. ३१, ३२, ३१.

ते ३ नंबरचे कफ आमच्याच गाळ्यातून गेले होते. तो बॉक्स पटकन खपायचा, म्हणून आम्ही तोच पुढे करत होतो. त्या रात्री कोपरीच्या पुलावरून घरी येताना मी एक शब्द बोलले नाही.

हे मशीन कफमधली हवा सोडता सोडता नाडीचे हेलकावे टिपतं. हेलकावा सगळ्यात मोठा होतो तो दाब म्हणजे मीन. वरचा आणि खालचा आकडा मशीन त्यावरून हिशोबाने काढतं. कफच्या हवेच्या पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या निम्म्याच्या आसपास हवी. कफ मोठा झाला तर आकडा कमी येतो, लहान झाला तर जास्त. एवढ्याशा दंडावर एका नंबरचा फरकही खूप होतो. नाळेतल्या धमनीत नळी घालून मोजलेला दाब सगळ्यात भरवशाचा, पण ती सोय प्रत्येक ठिकाणी आणि प्रत्येक बाळाला नसते. तिथे सगळी भिस्त कफवरच.

त्यानंतर आम्ही एकाच नंबरचा बॉक्स विकणं बंद केलं. १ ते ५ नंबर एकत्र आणि सोबत कागदी टेप, असा संच देतो. सुरुवातीला दोन मोठी गिऱ्हाइकं तुटली, वर्षभर ओढाताण झाली. धुऊन पुन्हा वापरलेल्या कफचं वेल्क्रो सुटतं आणि हवा गळते, हे दाखवायला मी जुने कफ सोबत नेते. सिस्टरांच्या पाळीबदलाच्या वेळी अर्धा तास मागून घेते. बाळाला पाजल्यावर किंवा सुई टोचल्यावर लगेच मोजू नका, दीडेक तास जाऊ द्या. दरवेळी शक्यतो उजवा दंड. रडणाऱ्या बाळाचा आकडा खरा धरू नका. या शिकवण्याचे पैसे आम्ही घेत नाही, आणि यापुढेही घेणार नाही.

आता रबाळ्यालाही एक गाळा घेतलाय, चार मुलं कामाला आहेत. फोनवर कुणी “सगळ्यात लहान कफ पाठवा” म्हणालं, की मुलं आधी दंडाचा घेर विचारतात. परवा नेरुळच्या एका सिस्टर म्हणाल्या, “थांबा हं, मोजून सांगते.”