पुरुषांचंही तसंच असतं का हो?

रक्त घेऊन झालेलं असतं, नळीवर नाव लिहिलेलं असतं, मी दारात चपला घालत असते आणि तेव्हा हा प्रश्न येतो. आवाज खाली आणून, आतल्या खोलीकडे एकदा बघून. "ताई, आपलं जसं पाळी जाताना होतं, तसं पुरुषांचंही असतं का हो?"

एकोणीस वर्षं मी ठाण्यात घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेते. वर्तकनगर, वसंत विहार, घोडबंदर रोडला कासारवडवलीपर्यंत. पुरुषांनी मला हे कधी विचारलेलं नाही. त्यांच्या बायका विचारतात. मग वर्णन येतं. सारखी चिडचिड, जेवलं की टीव्हीसमोर डुलकी, पोट सुटलंय, कशात म्हणून रस नाही. आणि शेवटी एक वाक्य अर्धंच सुटतं, "बाकीचंही म्हणजे…"

मी डॉक्टर नाही. पण हे एवढ्या वेळा ऐकलंय आणि माझ्या घरातही घडलंय, म्हणून दारात उभं राहून जे सांगता येत नाही ते लिहिते.

तसंच नसतं. आपल्या अंडाशयांचं काम काही वर्षांत थांबतं आणि इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन झपाट्याने उतरतं. पुरुषांचं हार्मोन, टेस्टोस्टेरॉन, तिशी-चाळिशीनंतर वर्षाला साधारण एक टक्का, असं हळूहळू कमी होत जातं. त्यातून वयाबरोबर रक्तातलं एक प्रथिन वाढतं, ते या हार्मोनला धरून ठेवतं, त्यामुळे शरीराला वापरायला मोकळं मिळणारं आणखी थोडं घटतं. तरी पुष्कळ पुरुषांचा आकडा सत्तरीतही ठीक असतो. युरोपातल्या आठ केंद्रांवर ४० ते ७९ वयाच्या ३,३६९ पुरुषांना तपासून २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लक्षणंही आहेत आणि हार्मोनही खरोखर कमी आहे, असे त्यात शंभरात जेमतेम दोघे निघाले. मग उरलेल्या अठ्ठ्याण्णवांतले जे थकलेत, चिडलेत, त्यांचं काय? माझा नवरा त्यांच्यातलाच एक होता.

तेव्हा तो ५२ वर्षांचा होता. रबाळे एमआयडीसीत शिफ्टची नोकरी. येऊरला रविवारी पहाटे चढणारा माणूस रविवारी दहापर्यंत उठेना. मुलीने एकदा पंख्याचा वेग वाढवला म्हणून ताट सरकवून उठला. आमच्यात अंतर पडत गेलं ते मी कुणाला बोलले नाही. मला वाटायचं, माझ्यातच काही राहिलं नाही.

त्याने मला न सांगता टेस्टोस्टेरॉनची टेस्ट केली. रात्रपाळी करून, दुपारी जेवून, चारच्या सुमाराला. आकडा आला २४६. तो रिपोर्ट त्याने पाकिटात चार घड्या घालून ठेवला होता. पँट धुवायला टाकताना मला मिळाला. घड्यांवर कागद फाटायला आला होता, इतक्यांदा उघडून बघितलेला. तोवर तो एका क्लिनिकमध्ये जाऊनही आला होता. तिथे एकच रिपोर्ट बघून त्याला सहा महिन्यांच्या इंजेक्शनांचं पॅकेज सांगितलं होतं.

माझं रोजचं काम हेच, आणि माझ्याच घरात माणूस चुकीच्या वेळच्या आकड्यावर रात्र रात्र जागत होता. ही टेस्ट सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी करायची असते, कारण हार्मोन सकाळी सगळ्यात जास्त असतं आणि खाल्ल्यावर खाली येतं. कमी आलंच तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करून बघायचं. रात्रपाळीवाल्यांनी तर डॉक्टरांना आधीच सांगायला हवं, त्यांच्या शरीराची सकाळ वेगळी असते. आजारपणात, तापात करूच नये. मी त्याला आठवडाभर दिवसपाळी मागून घ्यायला लावली आणि स्वतः पट्टा बांधून रक्त घेतलं. मूठ आवळ म्हटलं तर त्याने डोळे मिटून घेतले. एकदा ३३८, दुसऱ्यांदा ३५२. तीनशेच्या वर म्हणजे बहुतेक ठिकाणी नॉर्मल धरतात.

हार्मोनच्या डॉक्टरांनी आकड्याकडे बघितलं आणि प्रश्न मला विचारला, "घोरतात का?" मी म्हटलं, भिंत हलते. "मधेच थांबतात का?" थांबायचा. मी झोपेत त्याला कोपर मारायचे की तो पुन्हा सुरू. इतकी वर्षं. झोपेच्या तपासणीत त्याचा श्वास तासाला ३४ वेळा अडकत होता. शिवाय वजन ९१ किलो आणि साखर काठावर. पोटावरची चरबी टेस्टोस्टेरॉन खाली ओढते; झोप मोडली तरी ते उतरतं. शिकागोत २०११ साली दहा तरुणांना आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिलं, तर त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी खाली आलं होतं. तरुणांचं!

झोपेत श्वास अडकू नये म्हणून मास्कमधून हवा देणारं मशीन आलं. पहिले पंधरा दिवस त्याने मास्क काढून फेकला, नंतर सवय झाली. उपवनला चालायला लागला, दहा महिन्यांत आठ किलो उतरले. हार्मोनचा आकडा फारसा हलला नाही, ३७१ झाला. पण तो बोलायला लागला. माझ्याशी. ते मी आकड्यात सांगू शकत नाही.

इंजेक्शन वाईटच असं मी म्हणत नाही. पिट्यूटरीचा (मेंदूखालच्या हार्मोनच्या ग्रंथीचा) किंवा अंडकोषांचा आजार असेल, आकडा पुन्हा पुन्हा कमी येत असेल, तर ते औषध माणसाला उभं करतं आणि त्याने ते जरूर घ्यावं. पण बाहेरून हार्मोन मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं, शुक्राणू घटतात. रक्त दाट होऊ शकतं, म्हणून हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, आणि प्रोस्टेटसाठी पीएसए ही रक्ताची टेस्ट तपासत राहावं लागतं. एका दुपारच्या कागदावर हे सुरू करायचं नसतं.

आणि ते अर्धं सुटलेलं वाक्य, "बाकीचंही म्हणजे…", ते डॉक्टरांसमोर पूर्ण करायला लावा. लिंगातल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे अडथळा कधी कधी तिथे काही वर्षं आधी जाणवतो. साखर, बीपी, कोलेस्टेरॉल बघायलाच हवं. लाजून गप्प बसलेल्या एका घरी मी पुढच्या वर्षी गेले तेव्हा भिंतीवर हार घातलेला फोटो होता. कारण हेच होतं असं मी म्हणू शकत नाही, पण मला तो फोटो विसरता येत नाही.

परवा वसंत विहारला एका वहिनींनी हेच विचारलं. मी म्हटलं, "घोरतात का हो?" त्या गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "मी तर मुलीच्या खोलीत झोपते दोन वर्षं." आत गेल्या, नवऱ्याशी काहीतरी बोलल्या आणि परत येऊन म्हणाल्या, "शनिवारी सकाळी आठला याल? हे म्हणतायत, उपाशी राहतो."

शनिवारी आठ वाजता माझी पहिली फेरी तिथेच आहे.