हो म्हटल्यानंतर

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ओहायोतल्या कोलंबसमध्ये नव्याने आलेली मराठी कुटुंबं, उन्हाळ्यात सहा महिने राहायला आलेले कुणाचे आईवडील, फोनवर माझी सांगलीची आत्या, सगळ्यांचा प्रश्न साधारण एकच असतो. ही अमेरिकन फुटबॉलची मुलं एका कॉलेजला ‘तुमच्याकडून खेळीन’ म्हणून हो म्हणतात, त्या कॉलेजची टोपी घालून फोटो काढतात आणि चार महिन्यांनी भलत्याच कॉलेजात जातात. दिलेल्या शब्दाला काही किंमत आहे की नाही?

मी इथल्या एका हायस्कूलमध्ये १४ वर्षं गणित शिकवते. ही मुलं माझ्यासमोर बसलेली असतात. त्यामुळे हा प्रश्न कानावर पडला की मला गप्प बसवत नाही.

मुलगा ‘मी कमिट झालो’ असं जाहीर करतो तेव्हा कुणीच कशावरही सही केलेली नसते. सही होते ती बारावीच्या वर्षात, डिसेंबरमध्ये, राहिलेल्यांची फेब्रुवारीत. तोवर मुलगाही मोकळा आणि कॉलेजही मोकळं. आत्या म्हणाली, ‘म्हणजे नुसती सुपारी फुटली म्हण की.’ पण आपल्याकडे सुपारी फुटल्यावर बाकीची स्थळं यायची थांबतात. इथे खरी रांग त्या दिवसापासून लागते. मुलगा हो म्हणाला म्हणजे तो घेण्याजोगा आहे यावर कुणीतरी शिक्का मारला, असंच इतर कॉलेजं धरून चालतात.

माझ्याकडे एक मुलगा शाळा सुटल्यावर लॉगरिदम शिकायला थांबायचा. फोन बाकावर पालथा ठेवायचा. पाऊण तासात तो फोन इतक्या वेळा थरथरायचा की पेन्सिल घरंगळत बाकाच्या कडेला यायची. तो न बघता एका हाताने ती परत ढकलायचा आणि गणित पुढे करायचा. तेव्हा तो १६ वर्षांचा होता. एका कॉलेजला त्याने जूनमध्ये हो म्हटलं होतं. ऑगस्टमध्ये त्या फोनवर बाकी सगळी कॉलेजं बोलत होती.

मग मुलं टिकतात कशाने? माझं उत्तर साधं आहे. हो म्हटल्यानंतरही जो कोच पूर्वीसारखाच बोलत राहतो, त्याच्याकडे मुलं टिकतात. हे काम बहुतेक वेळा मुख्य कोच करत नाही. मुलगा मैदानात ज्या जागेवर खेळतो, त्या जागेचा असिस्टंट कोच ते करतो. जानेवारीत असे कोच आमच्या शाळेत येतात. एकदा एक सहा फुटी माणूस माझ्या वर्गातल्या छोट्या खुर्चीत अवघडून बसला होता. त्याने मला खेळाबद्दल एक अक्षर विचारलं नाही. ‘हा उशिरा येतो का? चूक दाखवली तर चिडतो का? आई शाळेत येते की आजी?’ एवढंच विचारलं आणि मार्क पाहिले. मार्क पाहणं भागच असतं. कॉलेजच्या वरच्या डिव्हिजनमध्ये खेळायला शाळेतले १६ ठरावीक कोर्स आणि त्यांत किमान २.३ जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, लागतो, आणि त्यांतले १० कोर्स बारावीच्या आधीच संपवावे लागतात. गणिताचे तीन त्या १६ मध्येच आले. एखाद्या स्टार खेळाडूचं भवितव्य कधीकधी माझ्या आल्जिब्राच्या पेपरात अडकलेलं असतं, आणि हे त्या असिस्टंटला बरोबर ठाऊक असतं.

आमच्या गावच्याच ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीचं उदाहरण घ्या. जेरेमाया स्मिथ हा फ्लोरिडाचा मुलगा, त्याच्या वर्षातला देशात पहिल्या क्रमांकाचा मानला गेलेला रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा खेळाडू. डिसेंबर २०२२ मध्ये तो ओहायो स्टेटला कमिट झाला. पुढचं अख्खं वर्ष घराजवळची फ्लोरिडातली कॉलेजं त्याच्या मागे होती. सहीचा दिवस उजाडला, २० डिसेंबर २०२३. त्याने ओहायो स्टेटचं नाव घेतलं खरं, पण सहीचे कागद येईनात. तास उलटत गेले. त्या दिवशी आमच्या स्टाफरूममध्ये कुणाचं कशात लक्ष नव्हतं. अखेर सही झाली. त्याला आणण्यात आणि टिकवण्यात रिसीव्हर्सचे तेव्हाचे कोच ब्रायन हार्टलाइन यांचा वाटा मोठा होता. पुढे २० जानेवारी २०२५ ला नोटर डेमविरुद्धच्या अंतिम सामन्यात शेवटी शेवटी त्याने ५६ यार्डांचा जो पास झेलला, त्याने विजेतेपद पक्कं झालं. तो झेल पाहताना मला मात्र ते न येणारे कागद आठवत होते.

आता त्या शब्दाबद्दल. शब्द फिरवला म्हणून मुलांना बोल लावायचा, तर मोठ्यांचंही बघा. नोव्हेंबर २०२१ मध्ये मुख्य कोच लिंकन रायली ओक्लाहोमा युनिव्हर्सिटी सोडून सदर्न कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीला गेले आणि त्यांच्या भरवशावर हो म्हटलेली मुलं एका रात्रीत अधांतरी झाली. मुख्य कोच निक सेबन १० जानेवारी २०२४ ला अलाबामा युनिव्हर्सिटीतून निवृत्त झाले. त्यांना निवृत्तीचा पूर्ण हक्क होता. पण ज्युलियन सेयिन नावाचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा खेळाडू, त्यांच्याकडे खेळायचं म्हणून नुकताच अलाबामात दाखल झाला होता. तो काही दिवसांत ओहायो स्टेटला आला. त्याच वेळी अलाबामाला हो म्हटलेला रायन विल्यम्स हा त्याच राज्यातला मुलगा आधी बाहेर पडला आणि नवे कोच केलन डिबोर यांच्याशी बोलणं झाल्यावर परत अलाबामालाच हो म्हणाला. सांगा, यातल्या कुणी शब्द मोडला? माझ्या मते एकानेही नाही. मुलं कॉलेजच्या नावाला हो म्हणतात असं आपण समजतो. ती माणसाला हो म्हणतात.

पैसा आहेच, तो नाकारण्यात अर्थ नाही. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर कमवायची मुभा मिळाली. २०२५ च्या उन्हाळ्यापासून, कोर्टातल्या तडजोडीनंतर, कॉलेजंच थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षी सगळे खेळ मिळून एका कॉलेजला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरची मर्यादा होती. मिशिगनमधल्या बेलव्हिलचा ब्राइस अंडरवूड जानेवारी २०२४ मध्ये लुइझियाना स्टेटला कमिट झाला होता. नोव्हेंबरमध्ये तो घराजवळच्या मिशिगनकडे वळला, तेव्हा मोठमोठ्या आकड्यांच्या बातम्या आल्या. लोक नावं ठेवत होते. मला त्यात वाईट काही दिसत नाही. लाखभर माणसं तिकीट काढून ज्याला बघायला येतात, त्याने आपली किंमत विचारली तर त्यात लाज कसली? हायस्कूल सुटल्यावर तीन वर्षं एनएफएलचं, म्हणजे व्यावसायिक फुटबॉल लीगचं, दार बंदच असतं. कॉलेज हा त्यांचा जवळजवळ एकच रस्ता.

तर तो लॉगरिदमवाला मुलगा. ऑक्टोबरमध्ये त्याचा गुडघा गेला. फोन अजूनही बाकावर पालथाच असायचा, पण थरथरणं थांबलं होतं. ज्या कॉलेजला त्याने हो म्हटलं होतं, त्यांनी नोव्हेंबरमध्ये त्याच्या आईला कळवलं की यंदा त्याला घ्यायला जमणार नाही. ते कॉलेज त्याला सोडून गेलं म्हणून बातमी झाली नाही, कुणी नावं ठेवली नाहीत. मला आजही त्याचा संताप येतो.

छोट्या खुर्चीत बसलेला तो कोच दुसऱ्या, लहान कॉलेजचा. त्याला मुलाने उन्हाळ्यातच नाही म्हणून सांगितलं होतं. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी त्याचा फोन आला, तोही मुलाला नाही, आईला. गाडीने कोण नेणार, घरी जिना आहे का, असं काहीबाही विचारत होता. स्कॉलरशिपचा विषय त्याने आणखी तीन आठवड्यांनी काढला.

सही शाळेच्या लायब्ररीत झाली. टेबलावर एकच टोपी होती. कुबड्या फोटोत येऊ नयेत म्हणून आईने त्या माझ्या हातात दिल्या, आणि मी त्या धरून पुस्तकांच्या कपाटाआड उभी राहिले.