जुन्या डबड्याला टीव्हीखाली जागा
माळ्यावरचा कोर टू ड्युओ प्रोसेसरवाला पीसी खाली काढला, म्हटलं टीव्हीला जोडून पिक्चर बघू. पण फोरके एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून लहान करायची एक पद्धत) फाईल लावली की प्रोसेसर १०० टक्के आणि चित्र अडखळतंय, म्हणजे डिकोडिंग, दाबलेला व्हिडिओ उलगडायचं काम, ग्राफिक्स कार्डानेच करायला हवं. दुकानदार स्वस्तातलं जीटी ७१० कार्ड गळ्यात मारत होता, ते एचईव्हीसी डिकोड करतच नाही ओ! शेवटी सेकंडहँड जीटी १०३० घेतलं, ३० वॅटचं, वेगळी पॉवर केबल लागत नाही त्यामुळे जुना एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) तसाच चालला, आणि बिनपंख्याचं मॉडेल असल्याने रात्री आवाज शून्य. एव्ही१ ही व्हिडिओ दाबायची नवी पद्धत मात्र त्याला झेपत नाही, यूट्यूबला व्हीपी९ या जुन्या पद्धतीवर आणावं लागतं. आई म्हणते, एवढ्या पैशात टीव्हीला लावायची स्ट्रीमिंग स्टिक आली असती. बरोबरे, पण हार्डडिस्कवरचे ताईच्या लग्नाचे व्हिडिओ त्यात कुठे मावणार?