मोरीतला खळगा

दुपारी सरबत करताना लिंबाचे दोन-चार थेंब शहाबादी फरशीवर सांडले. फडकं सापडेपर्यंत बारीक फेस येऊन गेला होता. पुसल्यावर पांढुरका, चमक गेलेला डाग उरला तो उरलाच. चुनखडक तो, आंबट लागलं की विरघळणारच.

परभणीच्या जुन्या घरात सगळी फरशी शहाबादीच. मोरीत आज्जी चिंच आणि राख घेऊन पितळेचं घंगाळ घासायची, तिथं फरशीला पसरट खळगा पडलेला. मी त्यात काडेपेटीच्या काड्या सोडत बसायचो. "कामून बसलास रे ओल्यात?" असं ओरडायची, पण उठवायची नाही. मजा म्हणजे खळगा फारसा खोल होत नव्हता. तळाशी राखेचा गाळ बसायचा आणि कडाच खचत जायच्या. अजूनही मोरीत कुणी अ‍ॅसिडची बाटली आणली की माझं डोकं फिरतं.

युरोपात स्लोव्हेनियापासून मॉन्टेनेग्रोपर्यंतच्या चुनखडकात असेच खळगे आहेत, फक्त मैलोन् मैल लांबीचे. त्यांना पोल्ये म्हणतात. बोस्नियातलं लिव्हनोचं पोल्ये चारशे चौरस किलोमीटरच्या घरात जातं. चारी बाजूंनी डोंगर, तळ सपाट, पाण्याला वरून वाट नाही. हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पावसाचं पाणी किंचित आंबट होतं आणि भेगाभेगांतून खडक खातं. सर्बियन भूगोलतज्ज्ञ योव्हान त्स्वीयिच यांनी 1893 साली मांडलं की लहान खळगे एकमेकांत मिसळून मोठे होतात. पुढे कळलं, एवढ्यानं भागत नाही. बरीचशी पोल्ये भूकवचातल्या मोठ्या भेगांच्या रेषेत आहेत, जमीन आधीच खचलेली. मग तळाशी गाळ बसतो, पाण्याला खाली खाता येत नाही, ते कडा खात सुटतं.

स्लोव्हेनियात त्सेर्कनित्साच्या पोल्येत तर पावसानंतर तळं भरतं आणि कोरड्या दिवसांत तळातल्या विवरांतून गडप होतं. जिथं मासे धरले तिथंच पुढे गवत कापायचं.

आपल्या काळ्या दगडावर पोतंभर चिंच चोळा, ढिम्म. पाणीही फारसं आत घेत नाही, पडलेला पाऊस गोदावरीकडे पळतो. तिकडे उलटं, सगळा पाऊस दगड गिळतो. कुठे कुठे आपल्या तिप्पट पडूनही डोंगरावरचे लोक छपराचं पाणी टाक्यांत साठवत आले.

मावशीला हे सगळं रंगवून सांगितलं. म्हणाली, "मंग एवढा पडून उपेग काय त्याचा?" तेवढ्यात नळाला पाणी आलं आणि ती घागरी घेऊन पळाली.