सगळे कट लवकर का पडत होते

व्हिडिओ एडिट करताना प्लेबॅक अडकतोय म्हणून मला बोलावणारा माणूस बहुधा निदानही स्वतःच करून ठेवतो: मशीन कमी पडतंय, रॅम वाढवा. इथे रॅम वाढवून झाली होती आणि ग्राफिक्स कार्डही नवं, महागातलं होतं. तरी चार कॅमेऱ्यांवर शूट केलेल्या मुलाखतींची ती डॉक्युमेंटरी एडिटिंगच्या टाइमलाइनवर, म्हणजे शॉट ओळीने लावायच्या पट्टीवर, गचके खात होती. बोलणाऱ्याचे ओठ मध्येच थिजायचे, मग एकदम तीन अक्षरं पुढे गेलेले दिसायचे. आवाज मात्र अखंड.

आवाज अखंड असणं ही पहिली खूण. एडिटिंग सॉफ्टवेअरला वेळ पुरेनासा झाला की ते सहसा आवाज तोडत नाही, चित्रं गाळतं. सेकंदाला २५ फ्रेमच्या, म्हणजे २५ चित्रांच्या, टाइमलाइनवर प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला ४० मिलिसेकंद येतात. तेवढ्यात फ्रेम तयार नसेल तर ती सोडून पुढची. आवाजातली फट कानाला तत्काळ टोचते. चित्राच्या चार फ्रेम गळल्या तर डोळा चालवून घेतो, आणि आठवडेच्या आठवडे चालवून घेऊ शकतो.

माझ्याआधी एक जण येऊन गेला होता. त्याने तेच केलं जे सगळीकडे सांगितलं जातं: एच.२६४ फाइल एडिटिंगला वाईट, प्रोरेस करून घ्या. सल्ल्यात तथ्य आहे. २००३ साली आलेलं एच.२६४ हे कॉम्प्रेशन कमी जागेत व्हिडिओ साठवायला आणि पाठवायला उत्तम. त्यात संपूर्ण चित्र अधूनमधूनच असतं, कॅमेऱ्यांत साधारण अर्ध्या-एक सेकंदाला एक. मधल्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं याची नोंद. सरळ पुढे बघत जायचं असेल तर काही बिघडत नाही. पण एडिटर सरळ बघत नाही. तो मागे जातो, मध्येच उडी मारतो, दर दोन सेकंदांनी दुसऱ्या फाइलमध्ये शिरतो. मधली एखादी फ्रेम दाखवायची तर सॉफ्टवेअरला आधीच्या पूर्ण चित्रापर्यंत मागे जाऊन तिथून सगळं उलगडत यावं लागतं. ॲपलने २००७ मध्ये आणलेल्या प्रोरेसमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र, पूर्ण असते. उलगडायला सोपी, पण वजनाला भारी.

त्या वजनाचाच हिशेब गड्याने केला नाही. त्याने सगळं फुटेज ४केमध्येच, प्रोरेसच्या ४२२ एचक्यू या भारी प्रकारात करून ठेवलं. कॅमेऱ्याची मूळ फाइल सेकंदाला १०० मेगाबिटची होती, ती झाली ७३७ मेगाबिटची. तासाला ४५ जीबीचे सव्वातीनशेहून जास्त, आणि असे चार कॅमेरे. चित्र तसूभरही सुधारलं नाही, सुधारण्यासारखं त्यात नवीन काही आलंच नव्हतं. आणि प्लेबॅक आधीपेक्षा बिघडला. तेव्हा मला फोन आला. "अगं, आता तर एक कॅमेराही चालेना. मशीनच बदलायला सांगतायत सगळे."

माझी तपासणी बघणाऱ्याला कंटाळवाणी वाटते. मी आधी कुठलंही सेटिंग बदलत नाही, नुसती गचक्यांची जात बघते. थोडं थांबून प्ले केलं की पहिला क्षणभर सुरळीत आणि मग दम लागतो? म्हणजे बफर, आधीच वाचून ठेवलेला साठा, रिकामा होतोय, डेटा वेळेत पोचत नाही. पहिल्या फ्रेमपासून रखडतं आणि उलटं चालवलं की पारच मरतं? म्हणजे उलगडण्याचं काम जड जातंय. प्लेबॅक रिझोल्यूशन पाव केल्यावर सुधारतं? मग इफेक्ट किंवा कलर करेक्शन भारी आहे. नाही सुधारलं, तर कार्डाकडे बोट दाखवू नका. एच.२६४ मध्ये पाव आकार दाखवायचा असला तरी फ्रेम बहुधा पूर्णच उलगडावी लागते.

इथे पहिली जात होती. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर निवांत आणि डिस्क १०० टक्क्यांवर. बाहेरची एसएसडी चांगली वेगवान, पण एक मोठी फाइल कॉपी करून पाहिली तर सेकंदाला जेमतेम ३८ एमबी. हा आकडा मी ओळखते. तो यूएसबी २.० चा आहे: कागदावर ४८० मेगाबिट, म्हणजे भागिले आठ, ६० एमबी, हातात पडतात ३५-४०. एसएसडीची मूळ केबल कुठेतरी गेली होती आणि तिच्या जागी फोनच्या चार्जरची केबल लागलेली. दोन्ही टोकांना तोच टाइप-सी कनेक्टर, अंगावर एक अक्षर छापलेलं नाही. टाइप-सी हा फक्त कनेक्टरचा आकार आहे, आत वेगाच्या तारा असतीलच असं नाही. हे केबल बनवणाऱ्यांना माहीत असतं, तरी त्यातले बरेच जण केबलवर वेग छापत नाहीत. त्याबद्दल मला जे वाटतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. एका कॅमेऱ्याच्या एचक्यूला सेकंदाला ९२ एमबी लागत होते. रॅम कितीही घाला.

केबल बदलली आणि प्रोरेस पळू लागलं. तिथे थांबता आलं असतं. पण सगळं एडिटिंग मूळ एच.२६४ वर झालेलं होतं, तेव्हा ते का अडकत होतं हे मला बघायचंच होतं. नव्या केबलवर मूळ फाइल लावल्या. डिस्क शांत, प्रोसेसर उकळतोय, आणि ग्राफिक्स कार्डाचा व्हिडिओ डीकोडचा आलेख शून्यावर पडून. फुटेज १०-बिट ४:२:२ होतं, म्हणजे रंगाची जास्त माहिती साठवणारं. एच.२६४ मधलं ४:२:२ हार्डवेअरने उलगडायची सोय बरीच वर्षं बहुतेक कार्डांमध्ये नव्हतीच, आणि ह्याही कार्डात नव्हती. सगळा भार प्रोसेसरवर. कार्ड घेताना हे कुणी विचारत नाही, विकणारा तर सांगतच नाही.

मग प्रॉक्सी केल्या, म्हणजे फक्त एडिटिंगपुरत्या हलक्या प्रती. १०८०च्या, प्रोरेस प्रॉक्सीमध्ये, कॅमेऱ्यामागे ३८ मेगाबिट. चारही कॅमेऱ्यांचे कोन एकत्र उघडले तरी सेकंदाला २० एमबीच्या आत. म्हणजे त्या चार्जरच्या केबलवरूनही सुखाने चालल्या असत्या. फाइलचं नाव, टाइमकोड (प्रत्येक फ्रेमच्या वेळेचा आकडा) आणि ऑडिओ चॅनेल मूळ फाइलप्रमाणेच ठेवायचे. यातलं एक जरी हुकलं तर जोडणी फसते, आणि नेमकं शेवटच्या एक्स्पोर्टच्या वेळी कळतं.

प्रॉक्सी जोडल्या, डॉक्युमेंटरीच्या एडिटर सरांनी प्ले दाबलं. लोणी. पाच मिनिटं ते काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "कट कुणी हलवले?"

मला वाटलं प्रॉक्सी सरकल्या असतील. प्रत्येक कॅमेऱ्याचं मूळ आणि प्रॉक्सी फ्रेमला फ्रेम लावून पाहिलं, टाइमकोड तोच, चित्र तेच. पण ते म्हणत होते त्यात खोटं नव्हतं. माणसाचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच कट पडून आपण दुसऱ्याच्या चेहऱ्यावर जात होतो. एकदा नाही, जवळजवळ दर वेळी.

उत्तर कटातच होतं. कट म्हणजे दुसऱ्या फाइलमध्ये मध्येच शिरणं, म्हणजे मागच्या पूर्ण चित्रापासून उलगडत येणं, तेही दमलेल्या प्रोसेसरवर. तेवढा वेळ पडद्यावर जुनीच फ्रेम थिजून राहते आणि नव्या शॉटच्या पहिल्या काही फ्रेम गळतात. आवाज चालूच. सरांची पद्धत अशी की चालत्या प्लेबॅकवर आकडे दाबून कोन बदलायचा, मग पुन्हा चालवून बघायचं, उशिरा वाटला तर कट मागे ओढायचा. आणि त्यांना प्रत्येक कट उशिरा दिसत होता. त्यांनी प्रामाणिकपणे, कसलेल्या नजरेने, एकेक कट पाच-सहा फ्रेम अलीकडे आणून ठेवला होता. फ्रेम गळल्या की खूण दाखवायची सोय सॉफ्टवेअरमध्ये होती, पण ती बंद होती.

एक्स्पोर्ट केलेली फाइल अर्थातच सुरळीत चालते. दिग्दर्शिकाबाई तीच बघत होत्या आणि दर वेळी लिहून पाठवत होत्या: "घाई होतेय", "यांना बोलू द्या". सरांच्या पडद्यावर घाई नव्हती. दोघांचे त्यावरून खटके उडाले होते आणि सर ठाम होते, कारण ते जे बघत होते त्यात तेच बरोबर होते. बाईंचे जुने मेल उघडून आम्ही टाइमकोड पडताळले. त्या ज्याला घाई म्हणत होत्या त्या बहुतेक जागा थेट जुळल्या.

ऑफिसातल्या एकाने सुचवलं, सगळे कट एकदम सहा फ्रेम पुढे रोल करा. ज्याने कधी कट मारला नाही त्यालाच हे सुचतं. उशीर सगळीकडे सारखा नव्हता. शॉट पूर्ण चित्राच्या जवळ सुरू होत असेल तर कमी, लांब असेल तर जास्त. काही कट सरांनी वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाचा आलेख, बघून, ॲरो कीने मारले होते, ते मुळातच जागेवर होते. म्हणून सर एकेक कट पुन्हा बघत गेले. मी शेजारी बसून फ्रेम गळतीची खूण चालू आहे ना एवढंच बघत होते.

बहुतेक जागा सुटल्या. एक अडली. बोलणारा माणूस शेवटचं वाक्य म्हणतो आणि त्याच्या शेवटच्या दोन शब्दांवर आपण आधीच ऐकणाऱ्या मुलीवर असतो. ती तेव्हा खाली बघते. कट योग्य जागी नेला की तिची नजर झुकण्याचा क्षण निघून गेलेला असतो. बाई म्हणाल्या हा राहू द्या. सर म्हणाले, "हा मी केलेला नाही, मशीनने केलाय." बाई म्हणाल्या, "मागे तुम्हीच ओढलात ना?"

मला विचारलं तेव्हा मी बाईंच्या बाजूने बोलले. सरांना ते आवडलं नाही, आणि तांत्रिक माणसाने कटावर मत देऊ नये हेही त्यांनी ऐकवलं. कट राहिला. मला अजून तो बरोबरच वाटतो, पण सर चुकीचं बोलत होते असंही म्हणवत नाही. आता प्लेबॅकची तक्रार आली की केबलच्याही आधी मी विचारते, या गचक्यांवर किती कट झालेत? लोक वैतागतात. त्यांना रॅमबद्दल ऐकायचं असतं.