युक्लिड संख्या: क १० कोटींपर्यंत झाला, पुढे मात्र भिंत

प# म्हणजे २ पासून प पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार; प#+१ ही युक्लिड संख्या. १० कोटींखालचे सगळे मूळ क तपासून झाले. प#+१ ला क² ने भाग जातो असा एकही नाही. सगळ्या युक्लिड संख्या वर्गमुक्त (कोणत्याही मूळ संख्येच्या वर्गाने भाग न जाणाऱ्या) असतात का, हा प्रश्न होता तिथेच आहे. पण एवढा पट्टा स्वतः चाळल्याचं समाधान मोठं आहे.

वेग मिळाला तो प# ची बाकी आधी फक्त क ने काढल्यामुळे. गुणाकार ६४ बिटांत मावतो. बाकी −१ आली तरच क² कडे वळायचं, आणि १० कोटींच्या आसपास ती वेळ दर १७-१८ क मागे एकदा येते. पडताळणीला पारी/जीपी या अंकशास्त्राच्या सॉफ्टवेअरसारखं दुसरं काही नाही, पण आतलं लूप सी भाषेतच हवं.

काहीच सापडत नसेल तर कोडची परीक्षा कशी घ्यायची? मूळ संख्यांऐवजी १, २, ३ ओळीने गुणल्या. ४!+१ = ५², ५!+१ = ११², ७!+१ = ७१²; १२!+१ मधला १३² आणि ५६२!+१ मधला ५६३² सुद्धा बरोबर पकडला. फार छान वाटलं!

आता भिंत. १० कोटींपर्यंत ५७,६१,४५५ मूळ संख्या, १०० कोटींपर्यंत ५,०८,४७,५३४. प्रत्येक क साठी त्याखालच्या प्रत्येक प वर थांबून बघायचं, म्हणजे काम जवळपास ७८ पट. आणि क्ष च्या पुढे वर्ग सापडण्याची अपेक्षा ढोबळमानाने १/लॉग क्ष, म्हणजे या अख्ख्या टप्प्यात हजारात सहा. विल्सन मूळ संख्या ((क−१)!+१ ला क² ने भाग जाणारे क) शोधणाऱ्यांना रिमेंडर ट्री (खूप बाक्या एकत्र काढायची झाडासारखी पद्धत) पावते, कारण तिथे प्रत्येक क ला एकच थांबा, (क−१)!. इथे प्रत्येक प हा थांबा. सगळे प#+१ एकत्र गुणून ट्रीला द्यायचं म्हटलं, तर त्या गुणाकाराची लांबीच वर्गाच्या चालीने वाढते. रॅम सुरुवातीलाच संपते. मर्सेनवाल्यांना (२^प−१, प मूळ) विफेरिखची चाळणी तरी आहे: तिथे क² ने भाग जायचा तर क विफेरिख मूळ संख्या (२^(क−१)−१ ला क² ने भाग जाणारी) हवी, आणि २ चा ज्या सर्वात लहान घातांकाला क ने बाकी १ येते तो घातांक मूळ हवा. माहीत असलेल्या दोनच: १०९३ साठी तो ३६४, ३५११ साठी १७५५, दोन्ही मूळ नाहीत, त्यांचा विषय संपला. आपल्याकडे अशी चाळणीच नाही.

ट्रीची दुसरी आवृत्ती लिहिणार होतो, पण हे टाइप करतानाच सुचलं: १०० कोटींखालचा क ३० बिटांत बसतो. मग ३२ बिटी माँटगोमेरी (भागाकार न करता बाकी काढायची पद्धत) वापरून प्रोसेसरच्या ५१२ बिटांच्या एका रजिस्टरमध्ये सोळा क शेजारी शेजारी, आणि प एकदाच वाचायचा. ट्री बाजूला ठेवतो. आधी हे, १० ते ११ कोटींच्या पट्ट्यावर. वेळेचे आकडे पुढच्या नोंदीत.